आईच्या मांडीतला धातू

डॉक्टरांनी ती प्लेट धुऊन, पुसून, प्लास्टिकच्या डबीत घालून माझ्या हातात दिली. "तुम्ही यातल्याच ना? मग ठेवा. अभ्यासाला होईल," असं म्हणून ते पुढच्या पेशंटकडे गेलेसुद्धा. मी डबी पर्समध्ये टाकली आणि कोल्हापूरच्या त्या दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले. प्लेटचे दोन तुकडे झाले होते. पर्स जरा हलली की ते एकमेकांवर वाजत. टायटॅनियमचा आवाज फार हलका असतो. पोरीच्या पायातलं पैंजण दुसऱ्या खोलीत वाजावं तेवढाच.

मी यातलीच. पुण्यात एका प्रयोगशाळेत मी धातूंचं काम करते. मोडलेली हाडं जोडायला माणसाच्या अंगात ज्या प्लेटा, सळ्या आणि स्क्रू घालतात, त्यांच्यासाठी अधिक मजबूत टायटॅनियम घडवायचं, हे आमचं काम. आणि जी प्लेट माझ्या पर्समध्ये वाजत होती, ती माझ्या आईच्या मांडीतून निघाली होती.

आई मासे विकते. मालवणच्या किनाऱ्यावर आमचं घर आहे, दारातून पाच पावलं टाकली की वाळू लागते. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, आणि मी पुण्याला आल्यापासून ती एकटी. तिनं मला माशाच्या पाटीला कधी हात लावू दिला नाही. "तुझ्या हाताक वास लागतलो," म्हणायची. म्हणून मी शिकले, आणि आता दिवसभर मिठाच्या पाण्यात हात घालून बसते.

हे मिठाचं पाणी खरंच आहे. आमच्याकडे एक यंत्र आहे. अंगाच्या उबेइतक्या कोमट खाऱ्या पाण्यात धातूची बोटभर कांडी बुडवलेली असते, आणि यंत्र ती किंचित वाकवतं आणि सोडतं. वाकवतं आणि सोडतं. दिवसचे दिवस, आठवडेच्या आठवडे, लाखो वेळा. कांडी कधी थकते आणि तुटते, ते बघायचं. माणसाच्या शरीरात तेच होतं ना. आत खारट आणि कोमट, आणि माणूस चालतो, म्हणजे प्रत्येक पावलागणिक वाकणं आणि सोडणं. दुपारचं जेवण झालं की मी त्या यंत्राजवळ स्टूल ओढून बसते. त्याच्या आवाजात एक लय आहे, भरती-ओहोटीच्या मधल्या वेळेला आमच्या दारात पाणी जसं उगाच हलत राहतं, तशी. कधी डोळा लागतो. मग मला वाटतं मी घरी पडवीत आडवी झाले आहे, माडाच्या झापांतून ऊन गळतंय, आई बाजारातून आली आहे आणि न्हाणीच्या दगडावर पाय धुते आहे. कुणीतरी हाक मारतं, मी दचकून उठते, आणि समोर काचेच्या टाकीत एक बोटभर कांडी मुकाट वाकत असते.

टायटॅनियम तसं आमच्या गावचंच म्हणायला हवं. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यानंतर कुठे कुठे काळ्या वाळूचे पट्टे उमटतात. लहानपणी मी त्यात बोटांनी रांगोळ्या काढायची. शाळेतलं चुंबक फिरवलं की काही कण उड्या मारून चिकटायचे आणि काही जागचे हलायचे नाहीत. मोठी झाल्यावर कळलं की असल्याच काळ्या वाळूत टायटॅनियम दडलेलं असतं. मला ते वाचून एक दिवस जेवण गेलं नाही. म्हणजे आनंदानं. ज्या वाळूवर आई रोज चालत होती, तिच्याच गोत्रातला धातू मी भट्टीत वितळवत होते.

आता आमची अडचण सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मजबूत असणं वेगळं आणि ताठ असणं वेगळं. मजबूत म्हणजे तुटत नाही. ताठ म्हणजे वाकत नाही. हाड हे थोडं वाकणारं आहे, आपल्याला वाटतं त्याहून बरंच लवचीक. त्याच्या अंगावर फार ताठ प्लेट बसवली की सगळा भार प्लेटच अंगावर घेते, एखादी कर्तबगार सून येऊन सगळं घर अंगावर घेते तसा. हाडाला काही कामच उरत नाही. आणि काम नसलं की हाड झिजतं, पोकळ होतं. म्हणून आम्हाला असा धातू हवा की जो मजबूत असेल पण ताठर नसेल. असा माणूस मिळायची मारामार, धातूचं काय घेऊन बसलात? नायोबियम, झिर्कोनियम असले पाहुणे मिसळले की टायटॅनियमचा ताठरपणा उतरतो, पण जाताना मजबुतीही घेऊन जातो. मंद आचेवर मुरवलं की मजबुती परत येते, पण तिच्या पदराला धरून ताठरपणाही घरात शिरतो. या दोघांची ताटातूट करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. याला मी नाव ठेवत नाही. मला ते आवडतं.

तर जानेवारीत आई मासळी बाजाराच्या ओल्या फरशीवर घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. जवळच्याच दवाखान्यात प्लेट घातली. नेहमीची, चांगली, सगळीकडे घालतात ती. डॉक्टरांनी माझ्यासमोर तिला समजावून सांगितलं: खाली बसायचं नाही, काठी सोडायची नाही, वजन उचलायचं नाही. आईनं शाळेतल्या मुलीसारखी मान डोलावली. मी महिनाभर राहिले आणि पुण्याला परतले. रोज फोन करायची. "बरी आसंय गो," ती म्हणायची. "काठी घेतंस मा?" "घेतंय." "वजन उचलूक नाय मा?" "नाय गो, शप्पत." ती खोटं बोलत नाही, हे मला जन्मापासून ठाऊक आहे. मी निर्धास्त होते.

मे महिन्यात काकीचा फोन आला. ही काकी बाजारात आईच्या शेजारी बसते. माझी सख्खी कुणी नव्हे, पण दोघींची पाठ एकाच भिंतीला टेकून झिजली आहे. आई पडली नव्हती, घसरली नव्हती. नुसती बसल्या जागेवरून उठत होती आणि मांडीत काहीतरी वाजलं. एवढंच. मग ती परत खाली बसली, आणि तिथून तिला चौघांनी उचललं.

तिला कोल्हापूरला न्यायचं ठरलं. मी रातोरात निघून सकाळी गाव गाठलं आणि काकीला बरोबर घेऊन आम्ही गाडीतून घाटाकडे निघालो. फोंडाघाटला ड्रायव्हरनं चहाला गाडी थांबवली. आई आडवी होती, तिला खिडकीतून फक्त झाडांचे शेंडे दिसत होते. घाट सुरू झाला तशी ते शेंडे एका बाजूला कलायचे, मग दुसऱ्या बाजूला. वेदनेवरचं इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळे ती अर्धी जागी, अर्धी झोपेत. मध्येच म्हणाली, "होडी बरी चलता." मी म्हटलं, "आये, आपण घाटात आसंव." ती म्हणाली, "आसांदे. वारो बरो आसा." मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि मी तिचा हात धरून तिच्याबरोबर त्या होडीतून वर वर जात राहिले. खाली सगळं कोकण धुरकट निळं पडलं होतं. कुठे झाडी संपली आणि कुठे समुद्र सुरू झाला, ते कळत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "मावशी, वजन उचललंत का?"

"नाही हो डॉक्टर," आई म्हणाली. परक्या माणसांशी ती शुद्ध बोलते, जरा जपून, नवीन चप्पल घालून चालल्यासारखी. "एकदापण नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकीकडे पाहिलं. काकी पदराचं टोक पिळत होती.

"तिना खरांच उचलूक नाय गो बाय," काकी म्हणाली. "मीच रोज तिच्या डोक्यार पाटी दिलंय."

आता हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. डोक्यावरची पाटी कुणी एकटीनं उचलत नाही. ती एकटीला उचलताच येत नाही. आपण खाली वाकून, डोक्यावर चुंबळ ठेवून, मान ताठ धरून उभं राहायचं, आणि दुसरीनं पाटी उचलून डोक्यावर द्यायची. उचलण्याचं काम दुसरीचं. आपण फक्त घेऊन चालायचं. किनाऱ्यावरच्या कुठल्याही बाईला विचारा, ती हेच सांगेल. आई तर बिछान्यावरून माझ्यावर चिडलीच. "काय सांगल्यानी? वजन उचलूचा नाय. मी खंय उचललंय? उचलल्यान तिना. डोक्यार वजन घेव नको म्हणान कोणी सांगूक नाय माका!"

मी कपाळाला हात लावला. डॉक्टर आधी गोंधळले आणि मग खिडकीकडे तोंड करून हसले. मी मात्र त्या क्षणी हसू शकले नाही. एप्रिल-मे म्हणजे पर्यटकांची गर्दी, बाजार तुडुंब. एवढ्या दिवसांत आई काठी टेकत, डोक्यावर बांगडे भरलेली पाटी घेऊन, वाळूतून चालत बाजार गाठत होती. वर तिथे पोचल्यावर पाटावर उकिडवी बसत होती. "पाट म्हणजे खाली न्हय," हेही तिनं मला सुनावलं.

ऑपरेशन मोठं होतं. कमरेच्या हाडातून थोडा चुरा काढून मोडलेल्या जागी भरला, आणि प्लेटऐवजी हाडाच्या पोकळीतूनच लांब सळी घातली. डॉक्टर म्हणाले, "प्लेटचा दोष नाही. हाड जुळणं आणि धातू थकणं, यांची शर्यत असते. हाड आधी जुळलं तर ठीक. नाही तर कितीही चांगला धातू एक दिवस हरतोच." मग जरा थांबून म्हणाले, "वय आहे. हाड या वेळेलाही जुळलं नाही तर मग बसून काढायचं आयुष्य. मनाची तयारी ठेवा." मी हे आईला सांगितलं नाही. पण ती सारखं एकच विचारत होती, की माझी जागा कोण धरून आहे? बाजारातली. भिंतीजवळची. गावी परतलेली काकी रोज तिथे आईची रिकामी पाटी पालथी घालून ठेवते, असं कळल्यावर ती झोपली.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी, गुंगी पुरती उतरल्यावर, तिनं मला जवळ बोलावलं.

"आता माझ्या पायात तुझा लोखंड घातल्यानी काय गो?"

"लोखंड नाय गो आये. टायटॅनियम."

"ता काय आसात ता. तुझा काय?"

"माझा नाय. माझा अजून तयार जावक नाय."

"कधी होतला?"

मी तिला सांगायला लागले. आधी कांड्या तपासायच्या, मग पेशी, मग प्राणी, मग परवानग्या, मग थोडी माणसं, मग पुन्हा परवानग्या. ती ऐकत होती, डोळे मिटून. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, "मगे तुका पगार कसलो देतत?"

मी पुण्याला दोनच दिवसांसाठी गेले, आणि त्या दोन दिवसांत ती प्लेट भिंगाखाली ठेवली. तुटलेला धातू पाहण्याची मला सवय आहे. तुटलेल्या तोंडावर बारीक बारीक वळणदार रेघा होत्या. एका कोपऱ्यातून सुरू होऊन पसरत गेलेल्या. धातू एकदम तुटत नाही. आधी केसाएवढी चीर पडते आणि रोज थोडी थोडी पुढे सरकते, आणि तिच्या सरकण्याच्या खुणा राहतात. या रेघांना आमच्यात बीच मार्क्स म्हणतात, कारण ओहोटीचं पाणी मागे हटताना वाळूवर ज्या रेघा सोडतं, तशाच त्या दिसतात. हे नाव मी वर्गात शिकले, पोरांना शिकवलं, शेकडो वेळा लिहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला तो किनारा दिसला. तो आमचाच होता. काही रेघा दाट, मध्ये थोडी मोकळी जागा, पुन्हा दाट. मला उगाचच वाटलं, ही मोकळी जागा म्हणजे सोमवार, ही गुरुवार, ही संकष्टी. त्या दिवशी मासे कोण खातंय? त्या दिवशी तिचा पाय विसावला असणार. आणि ही गर्दी म्हणजे रविवार. शास्त्र म्हणून यात काही दम नाही, मला माहीत आहे. पण मी किती तरी वेळ त्या किनाऱ्यावरून चालत होते.

मग मला आमच्या यंत्राचाच राग आला. आम्ही कांडीला काय शिकवत होतो? चालायला. एकसारखी पावलं, गुळगुळीत रस्त्यावर. उकिडवं बसलेलं माणूस उठतं तेव्हा मांडीवर केवढा भार येतो, आणि डोक्यावर पाटी असेल तर केवढा, हे त्यात कुठेच नव्हतं. मी वरिष्ठांशी भांडले. मी भांडते तेव्हा माझा आवाज मासळी बाजारातला होतो, असं ते म्हणतात, आणि ते खरं आहे. शेवटी त्यांनी परवानगी दिली. बारीक बारीक वाकण्यांच्या मध्ये अधूनमधून एक मोठं, सावकाश वाकणं. चाल, चाल, चाल, मग ऊठ. मी आईकडे परतल्यावर आठवड्याभरातच फोन आला: आमचा लाडका मिश्रधातू, ज्याच्यावर आम्ही खूश होतो, त्यात पटकन तुटला. सगळे हिरमुसले. मला मात्र बरं वाटलं. निदान आता खरं विचारत होतो.

आईला मी घरी ठेवलंच नाही. घर बाजाराच्या इतकं जवळ की लिलावाचा आवाज अंथरुणात येतो, ती उठून गेली असती. शाळेतल्या मैत्रिणीचं धामापूरला घर आहे, तिचे आईवडील मुंबईला असल्यामुळे रिकामं. तिथे आम्ही दोघी राहिलो. मी माझं लिहिण्याचं काम तिथूनच करत होते. मधून मधून यंत्रावरच्या सोबत्यांना फोन. एकदा कमी आचेवर, थोडाच वेळ मुरवून बघितलेली कांडी अजून तुटली नाही, असं त्यांनी सांगितलं. मी फोन कानाला लावून अंगणात नाचले. आईनं विचारलं, "कोणाचा लगीन ठरला?"

धामापूरचा पावसाळा मला आठवतो तो झोपेतल्यासारखा. तळं काठोकाठ भरलेलं, त्याच्यावर धुकं, पलीकडची झाडं पाण्यात उलटी उभी. भगवतीच्या देवळातली घंटा कधी वाजली आणि कधी वाजल्याचा भास झाला, ते कळायचं नाही. मी आईला वॉकरवर हळूहळू तळ्यापर्यंत न्यायची. तिथे घरमालकांची खुर्ची ठेवलेली असे, तीत ती बसायची. मी तिला उठूबिठू द्यायची नाही. पाणी मी देणार, भात मी वाढणार, केस मी विंचरणार. ती पाण्याकडे बघत राहायची.

"ह्या पाण्याक वास नाय," ती म्हणायची.

ती सुकत चालली होती. दुखणं कमी होत होतं, आणि तरी सुकत होती. दंडाचं मांस लोंबायला लागलं. जेवताना अर्धा घास हातात धरून बसायची. बोलणंसुद्धा कमी झालं, आणि माझी आई बोलायची कमी झाली म्हणजे काय, ते तुम्ही तिला ऐकल्याशिवाय कळणार नाही. मला वाटायचं, वय. मला वाटायचं, औषधं. मी आणखी जपायला लागले.

एका संध्याकाळी, काहीतरी बोलायचं म्हणून, मी तिला माझं काम समजावत होते. ताठ प्लेट सगळा भार स्वतः घेते, खालच्या हाडाला काही करायला उरत नाही, मग हाड हळूहळू झिजतं. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. किती तरी दिवसांनी नीट पाहिलं.

"म्हणजे हाडाक काम गावला नाय तर ता झिजता?"

"होय."

"जास्त जपला तरी झिजता?"

"होय गो आये. तीच तर मोठी अडचण आसा आमची."

"मगे माका हयसर कित्याक आणून ठेवलंस?"

पाण्यावर धुकं सरकत होतं. मला हसू फुटलं, मग ती हसली, आणि मग आम्ही दोघी त्या देवळासमोर वेड्यासारख्या हसत बसलो. पण आतून मला चटका बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, भार तर द्यायलाच हवा आता. थोडा थोडा. मी कागदावर लिहून दिलं होतं." आम्ही गाशा गुंडाळला आणि समुद्रावर परत आलो.

त्यानंतर तिनं रोज काहीतरी केलं. उभ्यानं भांडी घासली. वाळूत चालली. ओहोटीला पाण्याच्या कडेनं चालायची, मी मागे, आणि तिच्या पावलांचे ठसे मी निरखायची, की दुखरा डावा उजव्याइतका खोल उमटतो का. गणपती झाले, दसरा झाला. दिवाळीच्या तोंडावर हाडाचा फोटो काढायला कोल्हापूरला गेलो. डॉक्टरांनी काळी फिल्म उजेडासमोर धरली. सळीच्या दोन्ही बाजूंनी हाड पांढरं, धुरकट, जुळलेलं दिसत होतं. खाडीच्या दोन्ही काठांची वाळू ओहोटीला एक होते तसं. मी भर दवाखान्यात रडले.

"आता काय काय करायचं?" आईनं विचारलं.

"सगळं करा. हळूहळू," डॉक्टर म्हणाले. "थोडं वजन घ्यायलाही हरकत नाही."

"डोक्यावर?" मी विचारलं. या वेळी मी काही शिल्लक ठेवणार नव्हते.

"डोक्यावरसुद्धा," ते म्हणाले. "पण हळूहळू."

बाजारातल्या बायका मात्र ऐकायला तयार नव्हत्या. दिवाळी झाल्यावर एका सकाळी आईनं किनाऱ्यावर लिलावात बांगडे घेतले. लिलावात तिचा आवाज पहिल्यासारखाच होता, जरा वरचाच लागला. ओले, निळ्या पाठीचे बांगडे पाटीत पडले. मग तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली आणि काकीसमोर मान ताठ करून उभी राहिली.

काकी मागे सरली. "मी तुका पाटी देवचंय नाय," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मागे दिलंय ता पुरे झाला. माझ्या कानात तुझ्या मांडीचो आवाज अजून वाजता." आई दुसऱ्या बाईकडे वळली. तिनंही नाही म्हटलं. तिसरीनं माशांवर पाणी मारायचं निमित्त काढलं. सगळ्यांनी आधीच ठरवलं होतं, हे उघड होतं. कुणीतरी म्हणालं, वर रस्त्यावर रिक्षा आहे, पाटी तिच्यातून जाईल, तू पण तिच्यातून जा.

"पाटी डोक्यार नसली काय माका वाटच गावना नाय," आई म्हणाली. रागानं नव्हे. वाट चुकलेलं माणूस बोलतं तसं.

कोवळं ऊन होतं, आणि समुद्रावरून खारी वाफ येत होती. बायका, होड्या, जाळी, सगळं तिच्यात अर्धवट दिसत होतं. चुंबळ डोक्यावर घेऊन माझी आई त्या सगळ्यांच्या मध्ये उभी होती, आणि तिला एकटीला ते उचलता येणार नव्हतं. मग ती माझ्याकडे वळली.

"तू दी."

मी पाटीला आयुष्यात हात लावला नव्हता. मला भार कळतो, कुठे किती पडतो आणि किती वेळा पडल्यावर काय तुटतं, हे सगळं कळतं. त्या क्षणी मला नुसती भीती वाटत होती. मी अर्धे बांगडे काढून काकीच्या पाटीत टाकले. आईनं बघितलं. "भर गो," ती म्हणाली. "अर्धी पाटी घेवन गेलंय तर लोक हसतले." मी मूठभर परत टाकले. ती थांबून राहिली. मी आणखी टाकले. मग तिनं गुडघे किंचित वाकवले, माझ्यासाठी, कारण मला एवढ्या उंच उचलायची सवय नाही हे तिला माहीत होतं.

मी पाटी उचलली. मासळीचं गार पाणी मनगटांवरून कोपरापर्यंत ओघळलं. पाटी चुंबळीवर टेकली, आणि भार माझ्या हातांतून तिच्या मानेत, पाठीत, कमरेत, मांडीत उतरत गेला. मी कान देऊन ऐकत होते. लाटेशिवाय कसलाही आवाज नव्हता. तरी माझे हात पाटीच्या काठाला धरूनच होते. तिचं तोंड माझ्या तोंडासमोर होतं, अगदी जवळ, आणि पाटीमुळे तिला मान हलवता येत नव्हती, म्हणून ती नुसतं डोळ्यांनी बघत होती.

"सोड आता," ती म्हणाली.

मी सोडलं.

"बाजूक सर गो. वाट दी."

मी बाजूला झाले.